युकुलेलेवर चार कॉर्डचं गाणं: एफवरून जीवर जाताना लय तुटते

सिंहगड_रोडकर
सोसायटीच्या गणपतीत एक गाणं स्वतः वाजवून म्हणायचंय. तीन आठवडे आहेत. युकुलेले (गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य) कॉन्सर्ट म्हणजे मध्यम साइजचं, नवीन. कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) सी, ए मायनर, एफ, जी, प्रत्येकी चार मात्रा. एफवरून जीवर जाताना दर वेळी अर्धी मात्रा हुकते. सकाळी लावलेला सूर संध्याकाळी उतरलेला असतो. आणि सीमध्ये गाणं जमत नाही, माझी गायची पट्टी काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी). कॉर्डचे तक्ते पाठ आहेत, ते नकोत.

खुंटीपिळ्या
बोटं तक्त्याप्रमाणेच पडताहेत ना? मग दोष तुमचा नाही, एफ ते जी हा या चौकडीतला सगळ्यात वाईट बदल आहे. एफची दोन्ही बोटं उचलून वेगळ्या तारांवर न्यायची आणि तिसरं नव्याने ठेवायचं. जीऐवजी जी सेव्हन घ्या.

आता बघा. सीमध्ये अनामिका पहिल्या (जमिनीकडच्या) तारेवर, तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात. ती उचलून मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला ठेवलं की ए मायनर. मधलं बोट तिथेच ठेवून तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला टेकवा, झाला एफ. इथून पुढे तर्जनी हलवायचीच नाही. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर, फ्रेट तोच, आणि अनामिका पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. हा जी सेव्हन. परत सीवर येताना अनामिका त्याच तारेवरून एक फ्रेट पुढे सरकवा, बाकीची दोन बोटं सोडा. पूर्ण फेरीत झेप कुठेच नाही.

दोन-दोन कॉर्डची जोडी घेऊन मिनिटाला किती बदल स्वच्छ होतात ते मोजा. तीसच्या आत असाल तर उजव्या हाताचे नखरे अजून नकोत, मात्रेला एक छेड पुरे.

पेठेतला_बेसूर
सूर उतरतो कारण तारा नायलॉनच्या (किंवा तशाच प्लास्टिकच्या) आहेत आणि नव्या आहेत. आठवडा-दोन आठवडे त्या ताणतच राहतात. वाद्य परत करायला दुकानात जाऊ नका, दुपारी एक ते चारमध्ये तर नकोच. बाराव्या फ्रेटजवळ एकेक तार बोटाने हलकेच वर ओढा, पुन्हा लावा, असं चार-पाच वेळा. लावताना नेहमी खालून वर या. सूर चढला तर आधी बराच उतरवा आणि मग चढवत आणा, नाहीतर खुंटीवरचा ढिला वेढा नंतर सरकतो.

घरात पेटी असेल तर ट्यूनर लागत नाही. मधल्या सप्तकात तिसरी तार पांढरी एक, दुसरी पांढरी तीन, चौथी पांढरी पाच, पहिली पांढरी सहा. चौथी तार जाड-बारीक क्रमात बसत नाही, ती तिसरीपेक्षा उंच असते. गिटारवाले तिला खालच्या सप्तकात नेतात आणि तार लोंबते. पडताळा: दुसरी तार तिसऱ्या फ्रेटला दाबली की चौथी मोकळी तार आणि ती एकच सूर देतात.

मोकळ्या तारा सुरात आणि कॉर्ड बेसूर, असं असेल तर बोटं जास्त दाबताय. या तारा मऊ असतात, जोराने सूर चढतो. फ्रेटच्या पट्टीला लागून मागे दाबा, निम्मा जोर पुरतो.

काळी_चार
पट्टीचं सांगते. सी म्हणजे पांढरी एक. तिथून कॅपोने (मानेवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) काळी चारपर्यंत चढायचं तर आठवा फ्रेट, म्हणजे डबीचा आवाज. त्याऐवजी कॉर्डच बदला: जी, ई मायनर, सी, डी आणि कॅपो पहिल्या फ्रेटला. कॅपो युकुलेलेचाच घ्या. गिटारच्या कॅपोची स्प्रिंग जड असते, तारा चढतात. लावल्यावर सूर परत तपासा.

डीमध्ये तीन बोटं एका फ्रेटमध्ये कोंबायची असतात. मावत नसतील तर एकच बोट चारही तारांवर आडवं टाका. तो डी सिक्स होतो, पण गाण्यात खपतो.

सिंहगड_रोडकर
तर्जनी न हलवण्याची युक्ती लगेच लागू पडली. पण कॉर्ड बदलले तर तीही गेली ना? आणि स्ट्रम (तारा छेडायचा क्रम) कोणता?

खुंटीपिळ्या
गेली. म्हणून आठवडाभर सीच्याच फेरीवर हात बसवा, मग काळी_चार म्हणतात तसं करा.

स्ट्रम: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. केरव्याच्या आठ मात्रांसारखे आठ अर्धे भाग धरा. तिसऱ्या ठोक्यावर हात खाली जातो पण तारांना लागत नाही. लोक तिथे हात थांबवतात आणि लय तिथेच मोडते. मनगट घड्याळाच्या लंबकासारखं चालूच राहिलं पाहिजे. छेड मान आणि खोक्याच्या सांध्याजवळ, तर्जनीच्या नखाने.

शेवटच्या 'वर'ला डावा हात उचलून टाका. मोकळ्या तारांचे चारही सूर सीच्या पट्टीतलेच, जीच्याही, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि तुम्हाला अर्धी मात्रा मिळते. हुकणारी तीच.