मदत हवी आहे: ऑलांदेझ सॉस सतत फाटतोय

मंडळी, दीड वर्षापासून फ्रान्समधल्या लिऑंमध्ये राहतेय आणि शेजारच्या आजींकडून फ्रेंच स्वयंपाक शिकतेय. त्यांच्याकडचं रविवारचं जेवण तीन तास चालतं, चीज गोडाच्या आधी येतं. २०१० साली युनेस्कोने फ्रेंच जेवणाची पद्धत वारसा यादीत घेतली, ती उगाच नाही!

कांद्याचं सूप, राटाटुई (भाज्यांचा रस्सा) जमलं. ऑलांदेझ, म्हणजे अंड्याचा बलक आणि लोण्याचा घट्टसर सॉस, मात्र तीनदा फाटला. दोन बलक, सव्वाशे ग्रॅम वितळवलेलं लोणी, लिंबू. भांडं उकळत्या पाण्यावर. एकदा तर चक्क भुर्जी झाली. आजी म्हणतात, हाताला कळतं. माझ्या हाताला कळत नाहीये.

आच किती ठेवायची? लोणी थेंबथेंब घालायचं की धार धरायची? फाटलेला सॉस नव्या बलकात घालून सावरतो का? या रविवारी आजी माझ्याकडे जेवायला येताहेत, सॉससोबत वाढायला अ‍ॅस्परॅगस आणूनही ठेवलंय.