मदत हवी आहे: डेंग्यूत ताप उतरला, तरी प्लेटलेट ३८,०००

उदगीर_दवाखाना: पेशंट २६ वर्षांचा, ६० किलो. आज पाचवा दिवस, एनएस१ (डेंग्यू विषाणूच्या प्रथिनाची तपासणी) पॉझिटिव्ह. काल ताप उतरला, पण प्लेटलेट ९२,००० वरून ३८,००० वर आल्या. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ४० चं ४६. रक्तस्राव नाही. नातेवाईक लातूरहून प्लेटलेटची पिशवी आणायला निघालेत. ताप गेल्यावर काउंट का पडतो? आणि आता नेमकं काय बघायचं?

स्लाइडवाली: आधी आकडा खरा आहे का ते बघा. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधल्या ईडीटीएने (रक्त गोठू न देणारं द्रव्य) काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या गुठळ्या मोजत नाही. रक्त घेऊन ट्यूब लगेच हलवली नाही तरी तेच होतं. स्लाइडवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ शेपटीकडे गुठळ्या दिसल्या तर निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घ्या, आलेला आकडा गुणिले १.१. गुठळ्या नसतील तर ऑइल लेन्सखाली दहा फील्डमधल्या (फील्ड म्हणजे एका वेळी दिसणारा भाग) प्लेटलेटची सरासरी गुणिले १५,०००. तुमच्या पेशंटला फील्डमागे दोन-तीनच दिसायला हव्यात. आठ-दहा दिसल्या तर मशीन चुकलं.

वॉर्ड_लातूर: प्लेटलेट नुसतं रक्त थांबवत नाहीत, संसर्गाशी लढतातही. चेतलेली प्लेटलेट पी-सिलेक्टिन हे चिकट प्रथिन पृष्ठभागावर आणते, त्याला न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी चिकटतात, तिच्या कणांतून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात. या कामात त्या खर्ची पडतात. अँटिबॉडी लागलेल्या प्लेटलेटना प्लीहा आणि यकृत काढून टाकतात. त्यात डेंग्यूने अस्थिमज्जाही सुरुवातीला मंदावलेली असते. नव्या तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून काउंटचा तळ ताप उतरायच्या सुमाराला येतो.

पण खरी काळजी हिमॅटोक्रिट ४६ ची आहे. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव) झिरपतोय. ४८ झालं की वाढ २० टक्के. काउंट झपाट्याने पडतोय आणि हिमॅटोक्रिट चढतंय, ही धोक्याची खूण, आजच दाखल करा. सलाईन ५ ते ७ मिली दर किलोला दर तासाला, म्हणजे ३०० ते ४२० मिली, एक-दोन तास. मग हिमॅटोक्रिट पुन्हा बघून कमी करत जा. नुसती लावून सोडू नका, जास्त झाली तर छातीत पाणी होतं. लघवी तासाला ३० मिली तरी हवी. वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं तर तो शॉक, लगेच हलवा.

रक्तस्राव नसेल आणि काउंट १०,००० च्या वर असेल तर पिशवी लागत नाही, पिशवीने झिरपणं थांबतही नाही. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन आणि कमरेतली इंजेक्शनं बंद. फक्त पॅरासिटामॉल.

उदगीर_दवाखाना: गुठळ्या नाहीत, फील्डमागे अडीच. दाखल केलं, सलाईन ३०० ने लावली. पिशवी आणायला निघालेल्यांना परत बोलावलं. पुढचं हिमॅटोक्रिट कधी?

वॉर्ड_लातूर: दोन तासांनी. नंतर दर ४ ते ६ तासांनी, पुढचे ४८ तास. आणि घरी रांजण, टाक्या घासून कोरड्या करायला सांगा. नळाला आठ दिवसांआड पाणी येतं तिथे अळ्या साठवणीतच होतात.