पंच कार्डाच्या काळात प्रोग्राममधली चूक शोधायचे तरी कशी?

ऐरोलीकर
मी ऐरोलीत आयटीत आहे. कोड लिहायचा, रन करायचा, एरर बघायची, पुन्हा रन करायचा, असा दिवस जातो. आमच्या सोसायटीतले एक काका सांगत होते की त्यांना रनचा निकाल दुसऱ्या दिवशी मिळायचा, तोही छापील कागदावर. मग चूक सापडायची कशी? ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांत ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग, म्हणजे कॉम्प्युटरच्या) डिपार्टमेंटला काम केलेलं कोणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा. मला खरोखर पद्धत समजून घ्यायची आहे.

नौपाड्याचा ईडीपीवाला
चांगलं विचारलंत. मी १९७५ मध्ये बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत लागलो. कंपनीकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता. मुंबईत एका डेटा सेंटरवर रात्रीची वेळ भाड्याने घेतलेली असायची. प्रोग्राम आणि माहिती भोकं पाडून जाड कागदाच्या पंच कार्डांवर उतरवलेली असायची. संध्याकाळी त्या कार्डांचे खोके जीपमधून जायचे, सकाळी प्रिंटआउटचा गठ्ठा यायचा. मशीन आयबीएम १४०१. त्याची मेमरी जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची, आणि तेवढ्यात अख्ख्या कारखान्याचा पगार बसवायचा. (१९७८ मध्ये आयबीएमने इथला गाशा गुंडाळला, तरी ही मशिनं पुढे बरीच वर्षं चालली. देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे गेली.)

दिवसाला एकच रन, म्हणून प्रोग्राम आधी कागदावर चालवायचा. त्याला डेस्क चेकिंग म्हणत. फुलस्केप आडवा धरायचा, प्रत्येक व्हेरिएबलला (प्रोग्राममधल्या बदलत्या आकड्याला) एक रकाना आखायचा आणि एकेका कामगाराचा पगार ओळीओळीने, पेन्सिलने काढत जायचा. नमुन्याचे कामगारही ठरलेले: महिन्याच्या मध्यात लागलेला, बिनपगारी रजेवर गेलेला, आणि ज्याची कपात पगारापेक्षा जास्त झाली आहे असा. हा शेवटचा कधीच विसरायचा नाही. फील्डला, म्हणजे आकड्याच्या जागेला, उणे चिन्हाची सोय केलेली नसेल तर उणे चाळीस रुपये सरळ चाळीस होऊन छापले जायचे आणि देणं असलेल्या माणसाच्या हातात पैसे पडायचे.

दुसरा नियम, स्वतःचा प्रोग्राम स्वतः पास करायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा. एक उदाहरण अजून डोळ्यांसमोर आहे. ओव्हरटाइम असेल तर तो पगारात मिळवा, अशी 'इफ'ची ओळ होती. खाली पीएफ कापायची ओळ. प्रोग्राम कोबोल भाषेत. तिच्यात तेव्हा 'इफ' संपवणारं एंड-इफ नव्हतं, ते १९८५ च्या स्टँडर्डमध्ये आलं. 'इफ' कुठे संपला हे फक्त पूर्णविराम सांगायचा, आणि पहिल्या ओळीनंतर तोच राहिला होता. म्हणजे पीएफची ओळ 'इफ'च्या पोटात गेली. ज्याचा ओव्हरटाइम नाही त्याचा पीएफच कापला जाणार नाही! कंपायलरला (प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्याला) यात काही वावगं दिसत नाही. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ते हाताने लिहिलेल्या कोडिंग शीटवरच पकडलं. असा वाचणारा डिपार्टमेंटला लाभणं मी फार मोठी गोष्ट मानतो. मला कोबोल मॅन्युअलने कमी आणि त्याने जास्त शिकवलं.

अक्षरसुद्धा तपासायचे. शून्यावर तिरकी रेघ, झेडच्या मधे आडवी रेघ, आयला वरखाली दांड्या. नाहीतर पंच रूममध्ये, जिथे शीट बघून कार्डं पंच व्हायची, ओ आणि शून्य यांची अदलाबदल ठरलेली.

कळव्याची मावशी
पंच रूमचा विषय निघाला म्हणून लिहिते, मी तिथेच होते. प्रोग्रामरांच्या आठवणींत आमचं काम एका ओळीत उरकतात. प्रत्येक कार्ड दोनदा टाइप व्हायचं. एकीने आयबीएम ०२९ या पंचिंग मशीनवर पंच केलेला गठ्ठा दुसरी व्हेरिफायरवर घ्यायची आणि तेच शीट बघून पुन्हा सगळं टाइप करायची. व्हेरिफायर भोकं पाडत नाही, आहेत ती जुळतात का तेवढं बघतं. जुळलं नाही की लाल दिवा. पुन्हा टाइप करूनही जुळलं नाही तर नेमक्या त्या रकान्याच्या वर, कार्डाच्या काठावर खाच पडायची. बरोबर कार्डाला खाच उजव्या कडेला. मग गठ्ठा हातात घेऊन वरच्या काठावरून बोट फिरवलं की चुकीची कार्डं लागलीच कळायची.

पावसाळ्यात कार्डं ओल धरायची आणि ती वाचणाऱ्या रीडर मशीनमध्ये अडकायची. म्हणून कोरी खोकी आदल्या दिवशीच एसीत आणून ठेवायची.

वागळे इस्टेट
मी पुढच्या पिढीतला. डीबेस, मग फॉक्सप्रो, ही पीसीवरची डेटाबेस सॉफ्टवेअर. आम्हाला निकाल लगेच स्क्रीनवर मिळायचा, त्यामुळे डेस्क चेकिंग मागे पडलं. ते खरं शिकलो १९९८ मध्ये महापेला, वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना दोन अंकी वर्षामुळे होणाऱ्या घोळाच्या कामात. दुसऱ्यांचा वीस-वीस वर्षं जुना कोबोल वाचायचा आणि तारीख कुठे कुठे शिरली आहे ते शोधायचं. वर्ष दोनच अंकी का, याचं मूळ त्या कार्डात आहे. रकाने ८०, त्यात '१९' लिहिण्यावर दोन कोण घालवणार? लीप वर्षाचा नियमही काही ठिकाणी अर्धाच. १०० ने भाग गेला तर लीप नाही, एवढंच लिहिलेलं. ४०० ने भाग जात असेल तर आहे, हे राहिलेलं. अशा प्रोग्रामला २००० चा २९ फेब्रुवारी मान्यच नव्हता. हे रन करून नाही, वाचूनच सापडायचं.

ऐरोलीकर
काका, मावशी, मनापासून आभार. एक शंका. कोबोलच्या ओळी सातव्या-आठव्या रकान्यापासून का सुरू होतात? आमच्याकडे मेनफ्रेमवर (मोठ्या कॉम्प्युटरवर) अजून तसंच आहे.

नौपाड्याचा ईडीपीवाला
पहिले सहा रकाने कार्डाच्या क्रमांकाचे. गठ्ठा हातातून पडला तर त्या क्रमांकावर सॉर्टरमध्ये लावून घ्यायचा. सातव्यात तारा म्हणजे कॉमेंट, आडवी रेघ म्हणजे मागच्या ओळीतला शब्द पुढे चालू. आठपासून डिव्हिजन आणि पॅराग्राफची नावं, बारापासून ७२ पर्यंत मूळ कोड. ७३ ते ८० मध्ये प्रोग्रामचं नाव घालायचं, कंपायलर तिकडे बघतच नाही. तुमच्याकडच्या जुन्या प्रोग्राममध्ये त्या शेवटच्या आठ रकान्यांत काही लिहिलेलं आहे का, ते जरूर बघा आणि इथे कळवा.