घर बांधताना इन्सुलेशनचा वाढीव खर्च वसूल होतो का?

प्रश्न : नागपूरकर

नागपुरात 1,000 चौरस फुटांचे एकमजली घर बांधत आहोत. आर्किटेक्टनी गच्चीवर 50 मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोमचा कडक थर), त्यावर चायना मोझॅक आणि पश्चिमेकडे साध्या विटांऐवजी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत सुचवली आहे. वाढीव खर्च सव्वा लाख रुपये येतो. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, तेवढ्या पैशांत दोन एसी येतील. घराच्या आयुष्यभराचा हिशेब केला, तर कोणाचे म्हणणे बरोबर ठरते?

उत्तर : आर्किटेक्ट, अमरावती

आधी गच्चीचा विचार करू, कारण एकमजली घरात खरी भट्टी तीच असते. उघड्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता आत येते, ते) साधारण 3 असते आणि 50 मिलिमीटर एक्सपीएसने ते 0.6 च्या आसपास येते. (घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेने छतासाठी 1.2 ही कमाल मर्यादा घातली आहे.) तुमची गच्ची सुमारे 93 चौरस मीटर आहे. उन्हाचा परिणाम धरून बाहेर-आत 20 अंशांचा फरक मानला, तर आत येणारी उष्णता जवळजवळ साडेचार किलोवॉटने घटते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे कंत्राटदार सुचवतात त्यांतल्या एका एसीचे काम गच्चीच करील, तेही विजेशिवाय आणि दर दहा-बारा वर्षांनी बदलावे न लागता.

आता पैशांचे बोलू. व्याजदर 8 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली, तर दरवर्षी वाचणाऱ्या 1,000 रुपयांची आजची किंमत सुमारे 9,800 रुपये होते. वीज दरवर्षी 4 टक्क्यांनी महागली, तर तीच 13,200 च्या घरात जाते. सव्वा लाख वसूल होण्यासाठी पहिल्या हिशेबाने वर्षाला पावणेतेरा हजार रुपये, तर दुसऱ्याने साडेनऊ हजार रुपये वाचायला हवेत.

उत्तर : वीजबिल पाहणारी

वरच्या हिशेबात एक गोष्ट जोडते. बिलातला सरासरी दर धरू नका. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते. मे महिन्याचे जुने बिल काढून शेवटच्या टप्प्याचा दर पाहा आणि गुणाकार त्याच दराने करा.

उत्तर : वर्ध्याहून

आमच्या घराला दहा वर्षे झाली, गच्चीला काहीही केलेले नाही. मे महिन्यात रात्री अकरा वाजता शिडीवर चढून छताला हात लावला, तर तो तव्यासारखा तापलेला लागतो आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. कूलर मे महिन्यात निभावून नेतो; जुलैच्या दमट हवेत त्याचा उपयोग राहत नाही, स्लॅब मात्र उघडीप मिळाली की तापतोच.

भिंतीबद्दल माझे मत वेगळे आहे. एएसीची भिंत सांधे आणि प्लास्टर नीट झाले नाही तर तडकते, हे शेजारी पाहिले आहे. सवयीचा गवंडी नसेल, तर ती घाई करू नये. पैसे कमी पडत असतील, तर भिंत साध्या विटांची ठेवून पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल छज्जा काढावा, पण गच्चीचे काम आत्ताच उरकावे. एसी पुढे कधीही घेता येतो. नंतर एक्सपीएस घालायचे म्हणजे तयार झालेले मोझॅक फोडावे लागते.

नागपूरकर

आभारी आहे. गच्चीचे आणि भिंतीचे अंदाजपत्रक उद्याच वेगवेगळे मागवतो.