विद्यापीठाच्या क्लस्टरचा ॲक्सेस हवाय, फॉर्ममध्ये "कोअर-अवर्स किती" विचारलंय, काय लिहू?

पेशी_२७
नमस्कार. पीएचडीचं पहिलं वर्ष, विषय जीवशास्त्र. माझ्याकडे ६० सॅम्पलचा सिक्वेन्सिंग डेटा आहे आणि एका सॅम्पलला लॅपटॉपवर साधारण ९ तास लागतात, तेही प्रोसेसरचे चारही कोअर पूर्ण जुंपलेले असताना, त्या वेळात लॅपटॉपवर दुसरं काहीच करता येत नाही आणि दोनदा तर आठव्या तासाला बंद पडला. लॅबमधल्या सिनियर म्हणाल्या विद्यापीठाचा क्लस्टर (एकत्र जोडलेले बरेच ताकदवान कॉम्प्युटर) आहे, सगळ्या विभागांचा मिळून एक, तिथे चालव. फॉर्म उघडला तर प्रोजेक्ट कुणाच्या नावावर, वर्षाला किती कोअर-अवर्स, मेमरी किती, स्टोरेज किती, जीपीयू (ग्राफिक्स प्रोसेसर) हवा का, असं सगळं विचारलंय. जास्त लिहिलं तर फॉर्म परत येईल आणि कमी लिहिलं तर कोटा मधेच संपेल, अशी भीती वाटतेय. आणि गाईडकडे जायचं तर त्यांना नेमकं काय विचारू? कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

रांगेतला_एक
आधी गाईडना एकच प्रश्न विचारा: आपल्या ग्रुपचा क्लस्टरवर प्रोजेक्ट आहे का? बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला सुटं अकाउंट देतच नाहीत, प्रोजेक्ट गाईडच्या नावावर असतो आणि आपल्याला त्यात जोडतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी नवीन प्रोजेक्टचा अर्ज भरला, तो दीड महिना तसाच पडून राहिला, आणि मग कळलं की आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट तीन वर्षांपासून चालू आहे, गाईडनी एक ईमेल टाकला आणि दोन दिवसांत लॉगिन आलं. तो दीड महिना आठवला की अजून वाईट वाटतं.

नोड_सांभाळणारी
मी अशाच एका क्लस्टरच्या टीममध्ये आहे, असे फॉर्म रोज वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोअर-अवर म्हणजे एक कोअर एक तास. तुमचं गणित तुमच्याच पोस्टमध्ये आहे: ४ कोअर गुणिले ९ तास म्हणजे एका सॅम्पलला ३६, गुणिले ६० सॅम्पल म्हणजे २१६०. पण पहिल्या फेरीत सगळं नीट चालत नाही, एखादं पॅरामीटर बदलून परत चालवावं लागतं, म्हणून दुप्पट धरा आणि ४५०० लिहा. आणि हे गणित तसंच्या तसं फॉर्ममध्ये टाका, ही माझी खरंच विनंती आहे. नुसता "एक लाख" असा आकडा आला की आम्हाला परत विचारावं लागतं, गणित दिसलं की फॉर्म लगेच पुढे जातो, मग आकडा थोडा चुकलेला असला तरी चालतो. कमी पडलं तर वाढवून मागता येतं.

मेमरीचा अंदाज बांधू नका, मोजा. लिनक्सवर एक सॅम्पल टाइम कमांडखाली व्हर्बोज ऑप्शन लावून चालवा (शेलमधला टाइम नाही, युझर-बिनमधला), शेवटी "मॅक्झिमम रेसिडेंट सेट साइझ" येतं, म्हणजे जास्तीत जास्त किती मेमरी लागली ते, तो आकडा किलोबाइटमध्ये असतो. त्यावर थोडी जागा सोडून मागा. जीपीयू सॉफ्टवेअर वापरत असेल तरच मागा, नाहीतर तो नुसता अडकून पडतो आणि दुसरं कुणीतरी रांगेत थांबतं. डेटा माणसांचा असेल तर तेही आधीच लिहा, एथिक्सची परवानगी कुठे आहे ते विचारलं जाणारच.

स्टोरेजमध्ये लोक हमखास चुकतात. होम फोल्डर छोटा असतो, मोठा डेटा स्क्रॅचवर (कामापुरत्या तात्पुरत्या स्टोरेजवर) ठेवायचा, पण स्क्रॅचचा बॅकअप सहसा नसतो आणि ठरावीक दिवस हात न लावलेल्या फाइल्स बऱ्याच ठिकाणी आपोआप उडतात. रॉ डेटाची एक कॉपी क्लस्टरच्या बाहेर असलीच पाहिजे. एका मुलीच्या चार महिन्यांच्या फाइल्स अशा गेलेल्या मी पाहिल्यात आणि आम्ही काहीच करू शकलो नाही.

टर्मिनल_रात्री
लॉगिनचं मी सांगतो. बऱ्याच ठिकाणी कॅम्पसबाहेरून आधी व्हीपीएन लागतं, मग एसएसएच (टर्मिनलमधून सुरक्षित लॉगिन). त्यासाठी पब्लिक आणि प्रायव्हेट अशा दोन फाइल्सची की लागते. ती बनवताना ईडी२५५१९ प्रकारची बनवा, पासफ्रेज लावा, आणि डॉट-पब वाली पब्लिक फाइल तेवढीच पाठवा, दुसरी, प्रायव्हेट, कुणालाही नाही, ॲडमिनलाही नाही. "परमिशन डिनाइड" आलं तर आधी युझरनेम बघा, मग प्रायव्हेट कीचं परमिशन ६०० (फक्त तुम्हालाच वाचता-लिहिता येईल असं) आहे का ते बघा.

आणि आत गेल्यावर जिथे पोचता तो लॉगिन नोड असतो (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक कॉम्प्युटर), तिथे सॅम्पल चालवायला लागू नका. तिथे त्या क्षणी पन्नास लोक फाइल्स एडिट करत असतात, सगळ्यांचं अडतं, आणि ॲडमिन प्रोसेस मारतात ते बरोबरच आहे. काम जॉब म्हणून शेड्युलरला द्यायचं, म्हणजे कुठलं काम कधी आणि कुठे चालेल ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला.

पेशी_२७
सगळ्यांचे मनापासून आभार! ग्रुपचा प्रोजेक्ट खरंच होता, गाईडनी काल जोडलं, गणित लिहिलेला फॉर्मही मंजूर झाला. लॉगिन झालं. पण जॉब टाकला तर "इनव्हॅलिड अकाउंट ऑर अकाउंट/पार्टिशन कॉम्बिनेशन" येतंय. शेड्युलर स्लर्म आहे. आणि सिनियरची स्क्रिप्ट घेऊन केलेला दुसरा जॉब गेला, पण कालपासून पेंडिंगच आहे, ३२ कोअर आणि ७२ तास मागितलेत.

नोड_सांभाळणारी
पहिलं: स्क्रिप्टमध्ये अकाउंटच्या ओळीत गाईडच्या प्रोजेक्टचा कोड लागतो, तुमचं युझरनेम नाही. कोड बरोबर असेल तर त्या प्रोजेक्टला ते पार्टिशन (नोड्सचा तो गट) उघडं नसेल, तेव्हा हेल्पडेस्कला एररचा पूर्ण मजकूर आणि जॉबची स्क्रिप्ट दोन्ही पाठवा, "चालत नाहीये" एवढंच लिहू नका, खूप वेळ वाचतो.

दुसरं: शेड्युलर मोठ्या जॉबसाठी नोड रिकामे करत असतो, मधे ज्या छोट्या फटी राहतात त्यात लहान आणि कमी वेळाचे जॉब बसवतो, त्याला बॅकफिल म्हणतात. तुम्ही ७२ तास मागितले की कुठल्याच फटीत बसत नाही. लॅपटॉपवर ९ तास लागत होते ना, मग १२ मागा. आणि ३२ कोअर मागितले म्हणून प्रोग्राम ३२ वापरत नाही, त्याला थ्रेड्सचा (एका वेळी किती कोअरवर काम वाटायचं त्याचा) आकडा वेगळा द्यावा लागतो, नाहीतर बाकीचे कोअर नुसते बसून राहतात आणि कोटा मात्र सगळ्यांचा कापला जातो. ४ आणि ८ दोन्हीवर एकेक सॅम्पल चालवून बघा.

रांगेतला_एक
आणि ६० जॉब हाताने टाकू नका, जॉब ॲरे वापरा. एकच स्क्रिप्ट, १ ते ६०, शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि १० लिहिलं की एका वेळी दहाच चालतात.

पेशी_२७
अकाउंटची ओळ दुरुस्त केली, जॉब गेला. १२ तास मागितले आणि पाऊण तासात सुरू झाला! ८ कोअरवर एक सॅम्पल ५ तास १० मिनिटांत झालं, म्हणजे साधारण ४१ कोअर-अवर्स. ४ कोअरवरही चालवून बघितलं, ८ तास ४० मिनिटं लागली, म्हणजे ३५च्या आतच. कोअर दुप्पट केले तरी वेळ निम्मा होत नाही हे आकड्यात बघितल्यावर कळलं, म्हणून सगळी सॅम्पल ४ वरच ठेवतेय, घाई नाहीये. मेमरी ११ जीबी लागली, १६ मागितली. ॲरे आत्ताच टाकला, पहिली दहा चालू आहेत.

नोड_सांभाळणारी
छान केलंत. पहिली दहा झाली की आउटपुट उघडून बघा आणि मगच पुढची चालू द्या. आणि झालेले निकाल स्क्रॅचवरून त्याच दिवशी काढून घ्या.