छोट्या रिव्हॉल्वरला काडतूस कोणतं, ग्रिप कोणती?

ऑस्टिनकर
टेक्सासमधल्या आपल्या मराठी मंडळींत स्मिथ अँड वेसन ६४२ हे छोटं रिव्हॉल्वर बाळगणारे बरेच आहेत. पाच गोळ्या, .३८ स्पेशल, ॲल्युमिनियमची फ्रेम, दोन इंचांहून किंचित आखूड नळी, वजन चारशे ग्रॅमच्या थोडं वर. दुकानदार सोबत प्लस पी, म्हणजे जास्त दाबाच्या, काडतुसांचं खोकं देतो. पहिल्याच सिलिंडरला हात असा झिणझिणतो की रिव्हॉल्वर कपाटात जातं आणि सराव तिथेच संपतो.

माझं ठाम मत असं: आधी हाताला बसेल अशी ग्रिप, मग हाताला झेपेल ते काडतूस. आणि बहुतेकांना झेपेल असं काडतूस म्हणजे १४८ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॉडकटर.

कारण सांगतो. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यात (‘जेल’मध्ये) गोळी झाडून घ्यायच्या चाचण्यांसाठी १२ ते १८ इंच शिरकावाची पट्टी ठरवली. होलोपॉइंट म्हणजे पोकळ तोंडाची, आत शिरल्यावर उमलणारी गोळी. दोन इंची नळीतून सुटताना तिला वेगच पुरेसा मिळत नाही. बऱ्याचशा गोळ्या उमलत नाहीत आणि ज्या उमलतात त्यांतल्या काही १२ इंचांच्या आत थांबतात. वॉडकटरला उमलावंच लागत नाही. सपाट तोंडाची शिशाची गोळी, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास, कागदावर पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडते आणि १२ इंचांची अट पार करते. धक्का इतका सौम्य की दुसरी गोळीही नेम धरून जाते.

ग्रिपचं म्हणाल तर छोट्या बूट ग्रिपमध्ये ट्रिगर गार्डच्या मागे पोकळी राहते. प्रत्येक बाराला गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर आपटतो. थोड्या वेळाने ते पेर लाल होतं आणि माणूस बार उडायच्या आधीच हात आखडायला लागतो. ती पोकळी भरून काढणारी, मागचा धातू झाकणारी रबरी ग्रिप लावा. त्याच माणसाचा नेम सुधारलेला दिसेल.

शार्लटचा_नेमबाज
ऑस्टिनकर, तुमच्या रोगनिदानाशी सहमत, औषधाशी नाही.

वॉडकटर हे टार्गेटचं काडतूस आहे. गोळी केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, तोंडाशी सपाट बसवलेली असते, त्यामुळे भरताना सिलिंडरच्या भोकाच्या कडेवर अडते. स्पीडलोडरने (सगळी काडतुसं एकत्र धरणाऱ्या साधनाने) पाचही एकदम आत सोडायला जा, एखादं हमखास तिरकं होतं. शांत रेंजवर हे चालतं, घाबरलेल्या हातात नाही.

आणि होलोपॉइंट उमलत नाही हे सरसकट म्हणू नका. स्पीअर गोल्ड डॉटचं १३५ ग्रेनचं शॉर्ट बॅरल काडतूस आखूड नळीसाठीच बनवलंय. त्याआधी १९७० च्या दशकात एफबीआयने घेतलेलं १५८ ग्रेनचं शिशाचं होलोपॉइंट होतंच. ही दोन्ही प्लस पी आहेत. साध्या .३८ स्पेशलला १७,००० पीएसआय दाबाची मर्यादा आहे, प्लस पीला २०,०००. फरक जाणवतो, पण रोज चार बार काढणाऱ्याला तो पेलतो.

ग्रिपबद्दल तर माझा पूर्ण विरोध. हे रिव्हॉल्वर खिशात ठेवण्यासाठी घेतात. रबर अस्तराला चिकटतं आणि काढताना खिसाच उलटा होऊन बाहेर येतो. गुळगुळीत लाकडाची छोटी ग्रिपच हवी. पोकळीचा प्रश्न टायलर टी-ग्रिपसारखा एक धातूचा तुकडा पुढे बसवून सुटतो. मोठी ग्रिप लावायची असेल तर मग रिव्हॉल्वरच मोठं घ्या ना!

सुजाता_एडिसन
दादा, तुम्ही दोघं टेक्सास आणि कॅरोलिनाच्या कायद्यात बसून बोलताय. आमच्या न्यू जर्सीत होलोपॉइंट घरात ठेवता येतं, रेंजवर नेता येतं, पण परवाना असला तरी अंगावर बाळगून फिरता येत नाही. होर्नाडीच्या क्रिटिकल डिफेन्ससारखी तोंडात पॉलिमर भरलेली गोळी राज्य पोलिस होलोपॉइंटमध्ये धरत नाहीत. म्हणजे माझ्या मते इथे कामाची निवड उरते ती दोनच: भरलेल्या तोंडाची गोळी नाहीतर वॉडकटर. मी वॉडकटरच्या बाजूने. ती भरलेल्या तोंडाची ११० ग्रेनची हलकी गोळी माझ्या रिव्हॉल्वरमधून खाली लागते, कारण ठरलेली साइट जड गोळीच्या हिशोबाने बसवलेली आहे. १४८ ग्रेन बरोबर नेमाच्या जागी जाते.

आणखी एक सांगते, कारण पुरुषमंडळी हे विसरतात. ६४२ ला घोडा आतच आहे, अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवता येत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी साधारण बारा पौंडांची ओढ. माझा हात लहान. मागून धातू झाकणारी जाड रबरी ग्रिप लावली की बोटाचं टोक जेमतेम ट्रिगरवर पोचतं आणि ओढताना नळी बाजूला वळते. त्यामुळे काडतूस ऑस्टिनकरांचं, पण ग्रिप शार्लटच्या दादांची, मागून उघडी. हात मोठा असेल त्याने रबर लावावं. ‘सगळ्यांना रबर’ हे मला पटत नाही.

खडकीवाला
पुण्यातून लिहितोय. आमच्याकडे परवानाधारकाच्या वाट्याला .३८ येत नाही, .३२ येतं. हे .३२ म्हणजे १८९६ सालचं स्मिथ अँड वेसन लाँग, आणि ते आमच्या खडकीच्या कारखान्यात बनतं, बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो. गोळी शिशाची, गोल तोंडाची. काडतुसाची निवड जवळपास नाहीच, म्हणून सगळं लक्ष ग्रिपवर आणि सरावावर.

नवीन परवानाधारकांना कळकळीने सांगतो: पिस्तुलाचं ७.६५ मिलिमीटर, म्हणजे .३२ एसीपी, हे वेगळं काडतूस आहे. परवान्यावर नुसतं ‘.३२ बोअर’ लिहिलेलं असतं म्हणून दोन्ही एकच समजू नका. एसीपी रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये शिरतं, पण त्याचा दाब लाँगपेक्षा बराच जास्त आहे. जुन्या वेब्ली धाटणीच्या, वरून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये ते घालू नये.

२०१४ साली कानपूरहून आलेलं ‘निर्भीक’ साधारण अर्ध्या किलोचं आहे. या काडतुसाला तेवढं वजन पुरतं, धक्का त्रास देत नाही. तुम्ही अमेरिकेतले लोक .३८ च्या धक्क्याशी झगडताय, तर .३२ चा विचार का करत नाही? २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसननेच ४३२ अल्टिमेट कॅरी काढलंय. .३२ एच अँड आर मॅग्नम, त्याच आकारात पाचाऐवजी सहा गोळ्या, आणि त्यात लाँगही चालतं.

शार्लटचा_नेमबाज
खडकीवाले, मुद्दा चांगला आहे, पण इथे .३२ ची काडतुसं मिळायची मारामार आणि मिळाली तर महाग. .३८ कोणत्याही गावातल्या दुकानात असतं. जे परवडतं आणि मिळतं त्यानेच सराव होतो.

सुजाताताई, न्यू जर्सीचा कायदा मान्य. तिथे माझाही आग्रह नाही.

ऑस्टिनकर
शार्लटकर, भरण्याच्या अडचणीवर: सिलिंडरमध्ये वॉडकटर आणि खिशातल्या स्पीड स्ट्रिपवर (काडतुसं ओळीने धरणाऱ्या पट्टीवर) निमुळत्या तोंडाची काडतुसं, हा जुनाच उपाय आहे. फक्त दोन्हींचा नेम कागदावर तपासून घ्या.

पण तुमचं ‘पेलतो’ मला मान्य नाही. स्मिथ अँड वेसनची स्कँडियमची, फारच हलकी ३४० पीडी घेणाऱ्यांनी तर विशेष ऐकावं. तिच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलं असतं, ते मॅग्नम काडतुसांनी टायटॅनियमचा सिलिंडर झिजू नये म्हणून. पण आणखी एक वेगळा धोका आहे. रिव्हॉल्वर इतकं हलकं असलं की धक्क्याने मागे जाताना न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या केसमधून पुढे सरकतात. एखादी पुरेशी पुढे आली की सिलिंडर फिरतच नाही. तपासायची रीत सोपी: पाचवं काडतूस कॅलिपरने मोजा, खूण करा, चार बार काढा, पाचवं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर ते काडतूस त्या रिव्हॉल्वरसाठी बाद, मग त्याची जेल चाचणी कितीही सुंदर असो.

सुजाताताई, लहान हाताचा मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. मागून उघडी ग्रिप घ्याच, पण घेताना सिलिंडर उघडून डावी बाजू बघा. तिथे ग्रिप नीट कोरलेली नसेल तर स्पीडलोडर अडतो. शिवाय आखूड नळीचा इजेक्टर रॉडही आखूड असतो, तो केस पूर्ण बाहेर ढकलत नाही, आणि रिकामी केस त्याच कडेला टेकून बसते.

सुजाता_एडिसन
बघितलं. अडते. डाव्या फळीची वरची कड कानशीने घासून घेते.