सीईटीत गुण जास्त, पर्सेंटाइल कमी कसं? आणि पसंतीक्रम कसा लावायचा?

कृष्णाकाठ: एमएचटी-सीईटी (राज्याची अभियांत्रिकी वगैरेंची प्रवेश परीक्षा), पीसीएम म्हणजे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित गट. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या पेपरांनी होते. उत्तरतालिकेवरून मोजले तर एका मुलीला १२४ गुण आणि ९५.८ पर्सेंटाइल. दुसऱ्या सत्रातल्या मुलीला ११९ गुण, तरी ९६.३! शिवाय पहिलीच्या तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी ९४ च आहे. हिशोब कसा होतो? आणि कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या उतरत्या क्रमाने भरावा का?

समीकरण: निकाल बरोबर आहे. तुलना फक्त आपल्या सत्रातल्या मुलांशी होते. तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळालेली मुलं भागिले सत्रातली एकूण मुलं, गुणिले १००. समजा २०,००० जण बसले आणि १९,२६० जणांना ११९ किंवा त्याहून कमी मिळाले, तर ९६.३. पेपर अवघड निघाला की सगळ्यांचेच गुण उतरतात, म्हणून ११९ वर जातात.

एकूण पर्सेंटाइल ही विषयांची सरासरी नसते; ते २०० पैकीच्या बेरजेवरून वेगळं काढतात. त्यात १०० गुण एकट्या गणिताचे. बरीच मुलं एका विषयात वर, तर दुसऱ्यात खाली असतात. तिन्हीत सारखी चांगली असणारी मुलगी म्हणूनच बेरजेत पुढे जाते.

उंबरठा: कटऑफच्या क्रमाने अजिबात भरू नका! क्रम फक्त आवडीचा. वरचे पर्याय हुकले म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. उलट "हे नक्की मिळेल" म्हणून नावडतं कॉलेज पहिलं टाकलं तर घात होतो. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला की तो आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, होत होता. मग पुढच्या फेऱ्या बंद. यंदाची माहितीपुस्तिका आली की हाच भाग आधी वाचा.

समीकरण: एक भर. कटऑफच्या यादीत पर्सेंटाइलसोबत मेरिट क्रमांकही असतो. अंदाज त्यावरून बांधा, तो जास्त भरवशाचा.

तळटीप: सर्वांत जास्त चुका रकाना बघताना होतात. कटऑफच्या यादीत प्रत्येक रकान्याला जागेच्या प्रकाराचा इंग्रजी कोड असतो, उदा. GOPENH. कोडच्या शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावीचं कॉलेज कुठे आहे त्यावरून, घरच्या पत्त्यावरून नव्हे. लातूरला बारावी करून पुण्याचा एच रकाना पाहिला तर सगळा अंदाज चुकतो. सुरुवातीचा एल मुलींच्या राखीव जागांचा. जी म्हणजे सर्वसाधारण जागा. मुलींना जी आणि एल दोन्ही लागू, दोन्ही पाहा.

टीएफडब्ल्यूएसचा (शिकवणी शुल्कमाफी योजनेचा) चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो. त्याच कॉलेजची तीच शाखा त्या कोडने वेगळी भरावी लागते, नाहीतर विचारच होत नाही. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तो पर्याय साध्या पर्यायाच्या वर ठेवा.